शपथ, पदक आणि शाळेतली खोली: आपल्या भागातल्या दारूमुक्तीचा ख्रिस्ती धागा

मंडळाच्या पावसाळ्यातल्या बैठकीत मी अबकारी नाक्यांवर बोललो होतो. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा, ठेकेदारांच्या भट्ट्या, चिकोडी तालुक्याच्या कडेने गेलेली कोल्हापूर संस्थानची हद्द, खाली गोवा. नकाशे भरपूर दाखवले, आकडेही दिले. शेवटी मागच्या रांगेतून एक निवृत्त बाई म्हणाल्या, "दारू आली कुठनं, विकली कुणी, कर किती घेतला, सगळं सांगितलासा. सुटली कुणाची आणि कशी, तेबी सांगा की एकदा."

लोक हसले, मीही हसलो. पण उत्तर माझ्याकडे नव्हतं असं नाही. ते घरातलं होतं, म्हणून बोललो नाही. घरी आल्यावर वाटलं की इतिहास लिहायचा म्हटलं तर सरकारच्या खात्यांचा लिहिणं सोपं. नोंदवह्या असतात, तारखा असतात. माणसाने बाटली खाली ठेवली, याची नोंद कुठल्या दप्तरात मिळणार? हा लेख त्या बाईंच्या प्रश्नाला उशिरा दिलेलं उत्तर समजावं.

सुरुवात एका पदकापासून करतो. मी शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर. उद्यमबागेतल्या फौंड्रीत सव्वीस वर्षं काढली. आमच्याकडे गनमेटलचे बुशही ओतले जायचे, त्यासाठी जुनं पितळ-तांबं भंगारवाल्याकडून यायचं. एकदा भट्टीत टाकण्याआधी पाटी निवडताना तोट्या आणि बिजागऱ्यांत एक छोटं पदक हाताला लागलं. वर इंग्रजीत लिहिलेलं, रॉयल आर्मी टेंपरन्स असोसिएशन, इंडिया. आधी वाटलं लढाईचं असेल. नंतर कळलं की ते न लढल्याचं, म्हणजे न प्यायल्याचं आहे. गोऱ्या सोल्जराने ठरावीक काळ दारूला हात लावला नाही की त्याला असं पदक मिळायचं. सहा महिन्यांचं वेगळं, वर्षाचं वेगळं, आणखी वर्षांची आणखी वरची.

हे पदक आपल्या कॅम्पातल्याच सोल्जराचं, असा माझा दावा नाही. भंगार कुठूनही येतं. पण ज्या चळवळीतून ते आलं, ती बेळगावसारख्या छावण्यांचीच होती.

१८१८ च्या एप्रिलमध्ये मन्रोच्या फौजेने बेळगावचा किल्ला घेतला आणि पुढे कॅम्प वसला. पलटण आली की तिच्या मागोमाग कँटीन येतं. त्या काळात सोल्जराला दारूचा ठरलेला वाटा सरकारच देत असे. ऊन, रोगराई, घरापासून हजारो मैल लांब, दुपारभर बराकीत करायला काही नाही. आणि दारू सरकारी. शिक्षेच्या प्रकरणांत आणि इस्पितळाच्या खाटांवर तिचा परिणाम दिसायचा. म्हणजे आपल्या गावात दारू सोडवण्याची पहिली संघटित काळजी झाली ती आपली नव्हे, गोऱ्या शिपायाची. हे थोडं बोचतं, पण आहे तसं आहे.

लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बळ्ळारीहून १८२० मध्ये बेळगावला आले. मागाहून विल्यम बेनन आले आणि आयुष्याचा मोठा भाग इथंच राहिले. बेननस्मिथ शाळेच्या नावातले बेनन ते हेच. ही मंडळी मराठी-कानडीत उपदेश करत, शाळा चालवत, आणि कॅम्पातल्या सोल्जरांसाठी इंग्रजी उपासनाही घेत.

लष्करातल्या दारूबंदीचं नाव निघालं की पहिला हॅवलॉक आठवावा लागतो. १८५७ मुळे आपण त्याला वेगळ्या कारणाने ओळखतो, आणि त्या कारणाने तो आपल्याला आवडण्याचं काही कारण नाही. पण त्याआधी तो तेराव्या लाइट इन्फंट्रीत होता. श्रीरामपूरच्या बाप्टिस्ट मार्शमन घराण्याचा जावई. त्याने पलटणीत प्रार्थनेची आणि दारू न पिणाऱ्यांची टोळी जमवली. बाकीचे त्यांना "हॅवलॉकचे संत" म्हणून चिडवायचे. १८४१-४२ च्या हिवाळ्यात जलालाबादच्या वेढ्यात ही पलटण अडकली तेव्हा दारू मुळातच नव्हती, आणि शिस्त व तब्येत दोन्ही उलट चांगल्या राहिल्या. दारूबंदीवाले पुढे पन्नास वर्षं हा दाखला देत राहिले.

१८६२ मध्ये आग्र्याला ग्रेगसन या बाप्टिस्ट मिशनऱ्याने सोल्जरांची संपूर्ण दारूत्यागाची संस्था काढली. १८८० च्या दशकाच्या शेवटी सरसेनापती रॉबर्ट्सने अशा वेगवेगळ्या पंथांच्या संस्था एकत्र करून आर्मी टेंपरन्स असोसिएशन उभी केली. पुढे तिला 'रॉयल' लागलं. माझं पदक त्यानंतरचं.

आता या संस्थेचं काम कसं चालायचं ते बघा, कारण खरी गोष्ट तिथं आहे. सोल्जर एका कार्डावर सही करायचा. ही झाली शपथ. शपथेची ही रीत जुनी. आयर्लंडमध्ये फादर मॅथ्यू नावाच्या कॅथलिक साधूने १८३८ मध्ये कॉर्क शहरात स्वतः सही करून सुरुवात केली आणि काही वर्षांत लाखो लोकांनी त्याच्यासमोर गुडघे टेकून शपथ घेतली. हिंदुस्थानातल्या गोऱ्या पलटणींत आयरिश पुष्कळ, त्यामुळे शपथ त्यांना अनोळखी नव्हती. पण फादर मॅथ्यूची लाट ओसरली तशी शपथही ओसरली. एका सभेत हजारोंनी घेतली, दुसऱ्या दिवशी जो तो आपापल्या गल्लीत एकटा.

आमच्या धंद्यातलं सांगतो. नवं मशीन बसवलं की कमिशनिंगचा दाखला होतो. सही, शिक्का, पेढे. त्या दिवशी मशीन चालतंच. सहा महिन्यांनी बेअरिंग गरम होतं तेव्हा तो दाखला काही कामाचा नसतो. वंगण घालणारा माणूस लागतो. लष्करी संस्थेला हे कळलं होतं असं दिसतं. तिने सहीवर न थांबता बराकीजवळ वाचनाची खोली केली. तिथं कॉफी-चहा, वर्तमानपत्रं, गाणी-बजावणी. कँटीनला पर्यायी बसायची जागा. शिवाय शाखा पलटणीची, त्यामुळे पलटण हलली की खोलीतली सोबतही हलायची. माझ्या वाचनाप्रमाणे पदकापेक्षा या खोलीने जास्त काम केलं. पदक भंगारात येऊ शकतं, हे तर मी डोळ्यांनी पाहिलंय.

सोल्जरांचं हे चाललं असताना आपल्या लोकांचं काय? इथं सरकारचं एक तोंड इकडे, एक तिकडे. कॅम्पात सोल्जराला पिऊ नको म्हणायचं आणि बाहेर अबकारीचा महसूल वाढवायचा. १८८० मध्ये जोतीराव फुल्यांनी पुणे नगरपालिकेत वाढत्या दारूदुकानांना विरोध केला. इंग्लंडमधले बाप्टिस्ट खासदार केन यांनी १८८८ मध्ये हिंदुस्थानातल्या दारूबंदीसाठी संस्था काढली, आणि त्यांच्या सभांना मिशनरी आणि काँग्रेसवाले एकाच मंचावर बसत. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेहून परतल्यावर १८८९ मध्ये तिथल्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिलं. बायकांनी दारूविरुद्ध संस्था बांधून राजकारण कसं हलवलं, हे त्यात मराठी वाचकांसमोर आलं. रमाबाई स्वतः त्या ख्रिस्ती महिला संघटनेशी जोडलेल्या होत्या. मुक्तिफौज १८८२ मध्ये मुंबईत उतरली. तिच्या सैनिकाला दारू सोडल्याशिवाय भरतीच नाही. हे सगळं महत्त्वाचं, पण यातलं बरंचसं कायदा आणि शपथ या दोन खांबांवर उभं होतं.

बेळगावात एक वेगळी गोष्ट १९०४ मध्ये झाली. लंडन मिशनने इथलं काम अमेरिकेच्या मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चकडे सोपवलं. आपल्याकडे 'मिशन' म्हटलं की सगळे एकच समजतात. तसं नाही. मेथडिस्टांच्या हाडात दारूविरोध आहे. त्यांचे मूळ पुरुष जॉन वेस्ली यांनी १७४३ मध्ये घालून दिलेल्या नियमांतच दारूबाजी आणि कडक दारूची खरेदी-विक्री निषिद्ध आहे. त्याहून मला रस आहे तो त्यांच्या 'क्लास मीटिंग'मध्ये. १७४२ मध्ये ब्रिस्टलच्या प्रार्थनाघराचं कर्ज फेडायला आठवड्याला एक पेनी गोळा करायची ठरली. बारा-बारा माणसांचे गट केले आणि एकेकाने आपल्या गटाकडे फिरायचं. वसुलीला गेलेल्यांना घरोघरच्या भानगडी दिसू लागल्या. कोण पितो, कोण बायकोला मारतो. मग वसुलीच्या गटांचेच आठवड्याच्या बैठकीचे गट झाले. प्रत्येकाने आपला आठवडा कसा गेला ते सगळ्यांसमोर सांगायचं. कर्जवसुलीतून निघालेली ही रीत पंथाचा कणा झाली. आपल्याकडच्या भिशीतून असं काही निघालं असतं तर बरं झालं असतं.

आणखी एक बारीक गोष्ट, इंजिनिअर म्हणून मला फार आवडलेली. प्रभुभोजनाच्या विधीत द्राक्षमद्य लागतं. दारू सोडलेल्या माणसाला देवळातच दारूचा घोट द्यायचा, ही पंचाईत. १८६९ मध्ये अमेरिकेतल्या वेल्च नावाच्या मेथडिस्ट दंतवैद्याने पाश्चरची उष्णतेची रीत द्राक्षाच्या रसाला लावली आणि न आंबणारा रस बाटलीत भरला, तो खास या विधीसाठी. मेथडिस्ट देवळांत तोच प्रघात पडला. आपल्याकडे काही ठिकाणी मनुका उकळूनही रस करतात. दारू सोडलेल्या एका माणसासाठी सगळ्या मंडळीचा प्याला बदलायचा, हा विचार मला साध्या शपथेपेक्षा पुष्कळ पुढचा वाटतो. कॅथलिकांत विधीचं मद्य राहिलं, तरी दारूचा आजार असलेल्या धर्मगुरूला परवानगीने जवळपास न आंबलेला रस वापरता येतो.

वाचकांपैकी कुणी म्हणेल, यात ख्रिस्ती काय विशेष, आमची तुळशीची माळ आहे की. बरोबर आहे. निपाणी, चिकोडी, हुक्केरी भागात माळ घालून दारू सोडलेली माणसं मी गावोगाव बघितली आहेत. पण माळ कुणाची टिकली ते विचारा. जो एकादशीला भजनात बसतो, दिंडीत चालतो, ज्याला चार माळकरी रस्त्यात हटकतात, त्याची. माळ घालून जो परत एकट्याने वखारीच्या कोपऱ्यावर बसला, त्याची माळ खुंटीला. म्हणजे तिथंही तेच. गाठ एका दिवसाची, सोबत रोजची.

मध्ये कायद्याचा मोठा प्रयोग झाला, तो आपल्या भागाला नीट आठवतो. १९२४ मध्ये गांधीजी बेळगावच्या काँग्रेसचे अध्यक्ष होते. दारूबंदी हा तर त्यांच्या विधायक कामाचा भाग. १ ऑगस्ट १९३९ ला मुंबई शहरात बंदी आली, १९४९ च्या कायद्याने राज्यभर. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात होता, म्हणून बंदी आपल्यालाही. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण म्हैसूर राज्यात गेलो. गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे. घाटातून माल चढायचा. पुढे कर्नाटकात पाकिटातली सारायी, महाराष्ट्रात देशी, गोव्यात स्वस्त विलायती. इकडे निवडणुकीचा कोरडा दिवस असला की कागल, तिकडे असला की कोगनोळी. सीमेवरच्या पिणाऱ्याला कोरडा दिवस म्हणजे काय ते माहीतच नाही. १ जुलै २००७ ला कर्नाटकाने सारायी बंद केली, ते बऱ्याच घरांना लाभलं हे खरं. पण कायदा सीमेला थांबतो, तहान थांबत नाही.

आता आमच्या तात्यांकडे येतो. तात्या म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. निपाणीत तंबाखूच्या वखारीत काटा सांभाळायचे. हिशेबाला पक्के, अक्षर मोत्यासारखं. १९८१ चं तंबाखू आंदोलन त्यांनी जवळून पाहिलं; एप्रिलमध्ये गोळीबारात बारा माणसं गेली, ती हळहळ त्यांच्या बोलण्यात कायम असायची. दारूचं कारण तेच असं मी म्हणणार नाही. पिणाऱ्याला कारणं पुष्कळ असतात आणि घरच्यांना त्याहून जास्त सापडतात. नव्वदच्या सुमारास काटा त्यांच्या हातून गेला. हात थरथरू लागलेल्या माणसाकडे काटा कोण देईल?

घरच्यांनी सगळं केलं. चहात गुपचूप पावडर घातली. देवऋषी झाला. कोल्हापूरला अंबाबाईसमोर हात ठेवून शपथ झाली. ती चाळीस दिवस टिकली, एक्केचाळिसाव्या दिवशी तवंदी घाटाखाली रस्त्याच्या कडेला सापडले. काकी माहेरी गेल्या. आज्जी म्हणायची, "आता ह्याला देवच बघील."

मग बेळगावच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी निरोप धाडला की कॅम्पात एका चर्चच्या शाळेत रविवारी संध्याकाळी बैठक असते, तात्यांना घेऊन या. हे ऐकल्यावर घरात जो गोंधळ झाला, तो दारूच्या गोंधळापेक्षा मोठा. चर्चमध्ये? थोरले चुलते म्हणाले, "बाटली सोडायला जाईल आणि बाटून येईल." ही कोटी आमच्या भावकीत वर्षभर फिरली. आज हसू येतं, पण त्या भीतीला इतिहास होता. मिशनने दवाखाना दिला, शाळा दिली, तेव्हापासून लोकांच्या मनात एकच प्रश्न: बदल्यात काय मागणार?

मी तेव्हा बेळगावात इंजिनिअरिंगला होतो. वडिलांनी मला बरोबर पाठवलं. खरं तर पहारेकरी म्हणून.

खोली तिसरीच्या वर्गाची होती. फळ्यावर गुणाकार तसेच राहिलेले. बाकं लहान, मोठी माणसं गुडघे दुमडून बसलेली. धर्मगुरू आले, कुलूप उघडलं, दिवा लावला आणि गेले. एवढंच. बोलणाऱ्यांत मराठी, कानडी, कोंकणी, थोडं इंग्रजी. एकजण मिलिटरीतून निवृत्त झालेला, एकजण बँकेतला. तिथं कोण काय बोललं ते मी लिहिणार नाही, तशी तिथली रीत आहे. एवढंच सांगतो की 'देव' हा शब्द निघाला तेव्हा एका म्हाताऱ्याने सरळ 'विठोबा' म्हटलं आणि कुणी मान वर केली नाही. शेवटी चहा झाला, टोपीत नाणी पडली. नाव-गाव-जात लिहून घ्यायला कुणी वही काढली नाही.

पुढे इतिहासाकडे वळल्यावर मी या खोलीचं मूळ शोधलं. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे ए.ए., हे अमेरिकेतल्या ॲक्रन गावी १९३५ मध्ये सुरू झालं. बिल हा शेअरबाजारातला दलाल आणि बॉब हा सर्जन, दोघेही पिणारे. दोघेही ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती मंडळात जाणारे. फ्रँक बुकमन या लुथरन धर्मगुरूने ते मंडळ काढलेलं. लहान गटात बसायचं, आपली चूक उघड सांगायची, ज्याचं नुकसान केलं त्याला भरून द्यायचं. याच मंडळाचं पुढे 'नैतिक पुनःशस्त्रीकरण' झालं आणि पाचगणीत १९६८ मध्ये त्याचं केंद्र उभं राहिलं. आपल्यापैकी काहीजण शिबिराला गेलेही असतील.

आता यातली अडचण ऐका, कारण श्रद्धाळू लेखक ती गाळतात. डॉक्टर बॉब त्या मंडळात दोन वर्षांहून अधिक जात होता, प्रार्थना करत होता आणि पीतच होता. फरक पडला तो बिल भेटल्यावर. उपदेश करणारा नव्हे, स्वतः पिऊन बसलेला माणूस समोर आला आणि म्हणाला की मला तुझी गरज आहे, तुझ्याशी बोललो नाही तर मीच पिईन. १० जून १९३५ हा बॉबच्या शेवटच्या घोटाचा दिवस, ए.ए. तोच आपला जन्मदिवस मानतं. चार वर्षांत ही मंडळी ऑक्सफर्ड ग्रुपपासून वेगळी झाली. त्यांच्यात नास्तिकही होते. त्यांच्या आग्रहाने बारा पायऱ्यांत देव ज्याला जसा कळेल तसा, अशी मोकळीक ठेवली गेली. बाहेरचा पैसा घ्यायचा नाही, मालमत्ता करायची नाही, हे नियम नंतर पक्के झाले. जागा नाही म्हणून भाड्याची खोली, आणि खोली बहुधा चर्चची.

म्हणजे आमच्या थोरल्या चुलत्यांची भीती अर्धी खरी आणि अर्धी खोटी. रीत ख्रिस्ती घरातून आली, यात शंका नाही. कबुली, पश्चात्ताप, भरपाई, बारा जणांची बैठक, हे सगळं तिथलं. पण तिथं येणाऱ्याने काय मानावं, हे दारातच सोडून दिलेलं.

हिंदुस्थानात ए.ए. रुजलं ते १९५७ च्या सुमारास, मुंबईत. वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केलं. धर्मगुरू असून ते आपलं व्यसन उघड सांगत. त्यांनी बारा पायऱ्यांना बी. के. एस. अय्यंगारांच्या योगाची जोड दिली. इथं बेळगावकरांनी कान टवकारावेत. १९३६ मध्ये तरुण अय्यंगार गुरूंबरोबर उत्तर कर्नाटकच्या दौऱ्यावर असताना बेळगावचे सिव्हिल सर्जन डॉ. गोखले यांच्या नजरेला पडले. गोखले पुण्याला गेल्यावर त्यांच्याच पुढाकाराने अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले आणि तिथलेच झाले. म्हणजे वांद्र्याच्या चर्चमधल्या योगाचा एक धागा आपल्या सिव्हिल हॉस्पिटलपर्यंत येतो! पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचटांनी मुक्तांगण सुरू केलं, ते पु. ल. देशपांडे यांच्या पाठबळाने, आणि पु. लं.नी काही काळ आपल्या आर.पी.डी. कॉलेजात शिकवलेलं. मुक्तांगणही ए.ए.शी जोडलेलं आहे. गावाचा अभिमान म्हणून मी हे ओढून आणतोय असं वाटेल. थोडं आणतोयच.

तात्या त्या रविवारनंतर निपाणीहून दर आठवड्याला लाल बसने येऊ लागले. सात महिने गेले आणि मुरगूड रोडवर एका लग्नाच्या वरातीत ते पुन्हा प्यायले. मला वाटलं संपलं. पुढच्या रविवारी ते गेले की नाही हे बघायला मी मुद्दाम कॅम्पात गेलो. गेले होते. दारात उभे होते, आत जायचं धाडस होत नव्हतं. आतल्या एकाने बाहेर येऊन फक्त विचारलं, "चहा घेणार न्हवं?" अंबाबाईच्या शपथेला मोडल्यावर परतीची वाट नव्हती. नुसती मोडली, आणि मोडल्याची लाज प्यायला आणखी एक कारण झाली. इथं मोडलेल्या माणसासाठी दार उघडं ठेवलेलं होतं. हा फरक मला तेव्हा कळला नाही. पदक हातात आल्यावर कळला.

त्यानंतर तात्या तेवीस वर्षं जगले. काकी परत आल्या, लगेच नाही, दीड वर्षाने. तात्यांनी ज्याचे उसने होते त्यांची यादी केली आणि वखारीतल्या हमालापासून किराणावाल्यापर्यंत सगळ्यांचे पैसे फेडले. काही जण घेईनात. ते बाटले नाहीत. गळ्यात शेवटपर्यंत माळ होती आणि रविवारी बस. गेले तेव्हा स्मशानात आमच्या भावकीशिवाय दहा-बारा अनोळखी माणसं उभी होती. कुणी कुणाचं नाव विचारलं नाही.

पदक मी मंडळाच्या कपाटात ठेवलं आहे, बघायचं असेल त्यांनी सचिवांकडे किल्ली मागावी. आता एक विनंती. कॅम्पातल्या किंवा जुन्या मिशन आवारातल्या घरांत, सोल्जरांच्या संस्थेची सहीची कार्डं, मेथडिस्ट बैठकांच्या वह्या, मराठी-कानडी दारूत्यागाची प्रतिज्ञापत्रं कुणाच्या ट्रंकेत असतील तर कळवा. फोटो चालेल. नाव झाकून पाठवलं तर अधिक बरं.